पोलिसांविरुद्धचा अर्ज ‘दप्तरी दाखल’ झाला, आता पुढे? पोलीस तक्रार प्राधिकरणाकडे जाण्याची रीत

‘आपल्या अर्जाची चौकशी केली असता त्यात तथ्य आढळून आले नाही. सबब अर्ज दप्तरी दाखल (म्हणजे कारवाईविना बंद) करण्यात येत आहे.’ पोलिसांच्या वागणुकीबद्दल पोलिसांकडेच तक्रार केलेल्या कितीतरी लोकांच्या हाती शेवटी असे दोन ओळींचे पत्र पडते. चौकशी कोणी केली, जबाब कोणाचे घेतले, ठाण्यातले सीसीटीव्ही पाहिले की नाही, याचा त्यात उल्लेख नसतो. अधीक्षक कार्यालयात दिलेला अर्ज उपविभागीय अधिकाऱ्याकडे जातो आणि तिथून ‘चौकशी करून अहवाल सादर करावा’ असा शेरा घेऊन पुष्कळदा त्याच ठाण्यात उतरतो. ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्याच शेजारच्या टेबलावर बसणारा माणूस चौकशी अधिकारी असतो. अशा चौकशीतून वेगळे काही निघण्याची शक्यता मुळातच कमी असते.

यावर बाहेरून नजर ठेवणारी यंत्रणा महाराष्ट्रात कायद्याने आहे. निवृत्त पोलीस महासंचालक प्रकाश सिंह यांनी १९९६ साली दाखल केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ रोजी निकाल दिला. त्यातल्या सात निर्देशांपैकी एक असा की प्रत्येक राज्याने पोलिसांविरुद्धच्या गंभीर तक्रारींसाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमावे. महाराष्ट्राने २०१४ मध्ये महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ मध्ये दुरुस्ती केली आणि कलम २२ पी व त्यापुढच्या कलमांनी राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण व विभागीय प्राधिकरणे यांची तरतूद झाली. राज्य प्राधिकरणाचे अध्यक्ष उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश असतात. सदस्यांत निवृत्त पोलीस अधिकाऱ्याबरोबर नागरी समाजातली व्यक्तीही असते. साक्षीदारांना बोलावणे, कागदपत्रे मागवणे, शपथेवर पुरावा घेणे हे दिवाणी न्यायालयाचे अधिकार प्राधिकरणाला आहेत. वरिष्ठांकडे केलेल्या अर्जात आणि इथल्या तक्रारीत खरा फरक आहे तो हाच.

आधी ठरवा : तुमची तक्रार नेमकी कशाबद्दल?

फेटाळल्या जाणाऱ्या तक्रारींपैकी पुष्कळ इथेच चुकतात. प्राधिकरण पोलिसाच्या वर्तनाची चौकशी करते, तुमच्या मूळ भांडणाचा निवाडा ते करत नाही. शेताचा बांध कोणाचा, सोसायटीच्या बैठकीत कोणी कोणाला ढकलले, भावाने खोटी सही केली का, हे मुद्दे त्याच्यापुढे नेऊन उपयोग नाही. ‘बांधाच्या वादात समोरच्याकडून पैसे घेऊन हवालदाराने मला रात्रभर ठाण्यात बसवून ठेवले’ ही मात्र प्राधिकरणाची तक्रार आहे.

कायद्यातले विषय असे आहेत : पोलीस कोठडीतील मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार किंवा त्याचा प्रयत्न, विहित प्रक्रिया न पाळता केलेली अटक किंवा स्थानबद्धता, भ्रष्टाचार, खंडणी, जमीन किंवा घर बळकावणे, आणि शेवटी कायद्याचे गंभीर उल्लंघन किंवा कायदेशीर अधिकाराचा गैरवापर. हा शेवटचा विषय मोठ्या पोटाचा आहे. गुन्हा नोंदवायला नकार, पुरावा जाणूनबुजून न घेणे, खोट्या गुन्ह्यात गोवणे या तक्रारी त्यात बसवता येतात. मात्र कोणत्या तरतुदीचे उल्लंघन झाले ते नेमके सांगावे लागते. ‘पोलिसांनी सहकार्य केले नाही’ एवढे पुरत नाही.

उदाहरणांनी सांगतो. दखलपात्र गुन्ह्याची (ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात अशा गुन्ह्याची) माहिती दिल्यावर एफआयआर नोंदवणे बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी प्रकरणात १२ नोव्हेंबर २०१३ रोजी सांगितले. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तिच्या कलम १७३ नुसार हद्द कोणतीही असो, माहिती नोंदवून घ्यावीच लागते आणि प्रत फुकट द्यावी लागते. तीन वर्षे ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यांत प्राथमिक चौकशी करता येते, पण उपअधीक्षकाच्या परवानगीने आणि १४ दिवसांच्या आत. म्हणजे ‘चौकशी चालू आहे’ असे सांगत तीन महिने एफआयआर टाळला असेल तर तुमच्याकडे कलम आहे, तारीख आहे आणि ओलांडलेली मुदतही आहे.

अटकेबाबतही तसेच. अटकेचा पंचनामा साक्षीदाराच्या सहीने व्हायला हवा, नातेवाइकाला कळवायला हवे, अटकेची कारणे सांगायला हवीत, वैद्यकीय तपासणी व्हायला हवी आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करायला हवे. महिलेला, १५ वर्षांखालच्या मुलाला, ६० वर्षांवरच्या पुरुषाला, अपंग किंवा तीव्र आजारी माणसाला साक्षीदार म्हणून ठाण्यात बोलावण्याची सक्ती करता येत नाही (कलम १७९). यांतले काय मोडले ते एकेक करून कागदावर काढा.

तपासाच्या निष्कर्षाबद्दल नाराजी असेल तर रस्ता निराळा आहे. पोलिसांनी समरी, म्हणजे तपास बंद करण्याचा अहवाल, कोर्टात पाठवली असेल (अ म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही, ब म्हणजे तक्रार जाणीवपूर्वक खोटी, क म्हणजे गैरसमजातून किंवा दिवाणी स्वरूपाची), तर तिला आक्षेप घ्यायचा तो दंडाधिकाऱ्यापुढे. फिर्यादीला नोटीस देऊन त्याचे म्हणणे ऐकल्याशिवाय समरी मंजूर होऊ नये, असा सर्वोच्च न्यायालयाचा १९८५ पासूनचा दंडक आहे. ती नोटीस आल्यावर प्राधिकरणाची वाट पाहत बसू नका, तारखेला कोर्टात हजर राहा.

कोणत्या प्राधिकरणाकडे?

साधारण वाटणी अधिकाऱ्याच्या दर्जावर आहे. शिपायापासून पोलीस निरीक्षकापर्यंतच्या तक्रारी विभागीय प्राधिकरणाकडे जातात आणि उपअधीक्षक किंवा सहायक आयुक्त व त्यावरच्या अधिकाऱ्यांविरुद्धच्या राज्य प्राधिकरणाकडे. विभाग महसुली विभागांप्रमाणे आहेत : कोकण, पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, अमरावती, नागपूर. राज्य प्राधिकरण मुंबईत बसते. एकाच घटनेत शिपायाने मारहाण केली आणि उपअधीक्षकाने ती झाकली असे असेल तर दोघांची नावे एकाच तक्रारीत घालून राज्य प्राधिकरणाकडे पाठवा. तुकडे केले की दोन्हीकडे अर्धवट चित्र जाते.

अध्यक्षपद किंवा सदस्यपद रिकामे राहिले की सुनावण्या अडतात, हा या यंत्रणेचा जुना दुखणाईत भाग आहे. तक्रार पाठवण्यापूर्वी कार्यालयाला फोन करून कामकाज चालू आहे का, तक्रारीचा विहित नमुना आहे का आणि प्रती किती लागतात हे विचारून घ्या. सदस्य नसले तरी तक्रार दाखल करून ठेवा, म्हणजे तारीख तुमच्या बाजूने पडते.

तक्रार पीडित व्यक्ती, तिच्या कुटुंबातला कोणीही किंवा तिच्या वतीने दुसरी व्यक्ती करू शकते. मुलगा कोठडीत असेल तर आईने करावी. परदेशात किंवा परराज्यात असाल तर गावातल्या नातेवाइकाला अधिकारपत्र द्या. पण घटना स्वतः पाहिलेल्या माणसाचे प्रतिज्ञापत्र सोबत हवेच.

पहिले आठ दिवस

तक्रार नंतरही लिहिता येते. पुरावा मात्र नंतर मिळत नाही, म्हणून क्रम असा ठेवा.

सर्वांत आधी दवाखाना. मारहाण झाली असेल तर त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जा आणि एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसी प्रकरणातील जखमेची) नोंद करायला सांगा. डॉक्टरांना ‘पडलो’ असे सांगू नका. ठाण्यातून सुटताना कोणीतरी तसे सुचवतेच, आणि तो एक शब्द पुढे संपूर्ण तक्रार बुडवतो. कशाने मारले, कुठे मारले, किती वाजता, हे केसपेपरवर लिहून घ्या. वळ दोन-तीन दिवसांत रंग बदलतात, म्हणून रोज फोटो काढा. एका फोटोत चेहरा आणि जखम एकत्र दिसली पाहिजे, दुसरा फोटो जवळून हवा. अटकेतल्या माणसाची वैद्यकीय तपासणी झाली असेल तर तिच्या अहवालाची प्रत मागण्याचा त्याला हक्क आहे. दंडाधिकाऱ्यापुढे पहिल्यांदा उभे केल्यावर ‘काही तक्रार आहे का’ असे विचारतात, तेव्हाच मारहाण सांगायची. तिथे गप्प राहिलात तर पुढच्या प्रत्येक सुनावणीत ‘तेव्हा का बोलला नाहीत’ हा प्रश्न येईल.

मग सीसीटीव्ही. परमवीर सिंह सैनी प्रकरणात २ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक ठाण्यात आवाजासह चित्रण करणारे कॅमेरे लावण्याचा आदेश दिला. प्रवेशद्वार, कोठडी, व्हरांडा, निरीक्षक व उपनिरीक्षकांच्या खोल्या, ठाणे अंमलदाराची खोली, स्वच्छतागृहाबाहेरची जागा, मागचे आवार, काहीही सुटता कामा नये. चित्रण १८ महिने ठेवायचे, ते शक्य नसेल तर निदान एक वर्ष. प्रत्यक्षात कॅमेरे बंद असतात किंवा साठवण लवकर पुसली जाते. म्हणून पहिल्या दोन-तीन दिवसांतच ठाण्याचे प्रभारी अधिकारी आणि अधीक्षक किंवा आयुक्त यांना एक पानी पत्र द्या :

‘दि. … रोजी दुपारी ३.०० ते रात्री ९.३० या वेळेतील … पोलीस ठाण्याच्या प्रवेशद्वार, ठाणे अंमलदार कक्ष, व्हरांडा व कोठडीसमोरील कॅमेऱ्यांचे आवाजासह चित्रण माझ्या तक्रारीतील पुरावा आहे. ते जतन करून ठेवावे. चित्रण उपलब्ध नसल्यास कॅमेरा केव्हापासून बंद आहे आणि दुरुस्तीबाबत केव्हा कळवले, ते लेखी द्यावे.’

शेवटचे वाक्य वगळू नका. कॅमेरे चालू ठेवण्याची जबाबदारी त्या निकालानुसार ठाण्याच्या प्रभाऱ्याची आहे. ‘बंद होता’ एवढ्या उत्तराने ती संपत नाही. बिघाड कोणत्या तारखेला वरिष्ठांना कळवला, या प्रश्नाचे उत्तर मग त्यालाच द्यावे लागते.

ठाण्याबाहेरचेही पाहा. समोरचे मेडिकल दुकान, एटीएम, पेट्रोलपंप यांचे चित्रण बहुधा काही आठवड्यांतच पुसले जाते. दुकानदाराला विनंती करा आणि देत नसेल तर कॅमेरा कुठे आहे ते तरी टिपून ठेवा. तुमच्या फोनवर काही चित्रण असेल तर मूळ फाइल त्याच फोनमध्ये राहू द्या आणि फोन विकू नका. व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवल्यावर फाइल दाबली जाते, तिची तारीख-वेळ जाते आणि भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे (डिजिटल पुराव्यासोबत द्यायचे) प्रमाणपत्र देताना अडचण येते.

त्याच रात्री, आठवण ताजी असताना, घटनाक्रम हाताने लिहून काढा. किती वाजता बोलावले, कोणत्या नंबरवरून फोन आला, कोणी काय म्हटले, कोण कुठे बसले होते. शब्द जसेच्या तसे लिहा, शिव्यासुद्धा. अधिकाऱ्याचे नाव माहीत नसेल तर छातीवरची नामपट्टी, गाडीचा नंबर, वर्णन. नाव पुढे माहिती अधिकारातून त्या दिवसाच्या ड्युटीच्या नोंदीवरून काढता येते.

आधी वरिष्ठांकडे एक अर्ज

प्राधिकरणाकडे जाण्याआधी वरिष्ठांकडे गेलेच पाहिजे, असे कायदा म्हणत नाही. तरीही कोठडीतील मृत्यू, बलात्कार किंवा गंभीर दुखापत सोडून इतर तक्रारींत आधी अधीक्षकाकडे (शहरात उपायुक्ताकडे) लेखी अर्ज द्यावा, असा आमचा आग्रह आहे. एक तर एफआयआर नाकारल्याच्या तक्रारीत नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) नुसार अधीक्षकाला लेखी कळवणे ही पुढे दंडाधिकाऱ्याकडे जाण्याची पायरीच आहे. शिवाय पोलिसांनी स्वतः काय चौकशी केली, हे कागदावर आले की प्राधिकरणापुढे दोन गोष्टी मांडता येतात : मूळ गैरवर्तन आणि त्याची झालेली थातुरमातुर चौकशी.

अर्ज टपाल शाखेत द्या. आपल्या प्रतीवर आवक शिक्का, तारीख आणि क्रमांक घ्या. ‘साहेब आले की देतो’ म्हणून अर्ज ठेवून घेतला आणि शिक्का दिला नाही, तर तोच अर्ज त्याच दिवशी स्पीड पोस्टने पाठवा आणि पावतीसोबत पोच झाल्याचे ऑनलाइन पानही लगेच छापून ठेवा, ते नंतर दिसेनासे होते.

साधारण ३० दिवसांनी उत्तर आले नाही, किंवा ‘दप्तरी दाखल’ आले, तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका. महाराष्ट्रात १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा असते. मागायचे ते हे : चौकशी अहवालाची प्रत, घेतलेल्या जबाबांच्या प्रती, अर्ज कोणाकडून कोणाकडे गेला याची टिपणी, आणि त्या दिवसाच्या ठाणे दैनंदिनीतील (ठाण्यातल्या रोजच्या घडामोडींच्या नोंदवहीतील) तुमच्यासंबंधीची नोंद. ‘का चौकशी केली नाही?’ असे प्रश्न विचारू नका. माहिती अधिकारात कागद मिळतो, खुलासा मिळत नाही. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा तपासाचे कारण देऊन नाकारले, तर २० रुपयांच्या स्टॅम्पसह पहिले अपील करा. तपास चालू आहे एवढ्याने माहिती नाकारता येत नाही. ती दिल्याने तपासात अडथळा कसा येतो ते त्यांनी दाखवायला हवे.

ठाणे दैनंदिनीची नोंद अनेकदा निर्णायक ठरते. तुम्हाला सकाळी ११ ला आणले आणि दैनंदिनीत अटक संध्याकाळी ७.४० ची असेल, तर मधल्या तासांचा हिशेब पोलिसांनाच द्यावा लागतो. तुमच्या मोबाइलचे लोकेशन, ११ वाजता घरच्यांना गेलेला फोन आणि शेजाऱ्याचे प्रतिज्ञापत्र एका बाजूला ठेवा व ती नोंद दुसऱ्या बाजूला.

तक्रार लिहिताना

तीन-चार पाने पुरेत. बारा पानी तक्रारीत महत्त्वाची ओळ हरवते. वर प्राधिकरणाचे नाव, मग तक्रारदाराची माहिती, मग ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे त्यांची नावे, पदे, ठाणे. त्यानंतर क्रमांक घातलेले परिच्छेद, एका परिच्छेदात एकच घटना. प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी कोणत्या कागदाने ती सिद्ध होते ते लिहा : ‘निशाणी ४, केसपेपर’.

वाक्ये कशी हवीत ते पाहा. ‘सदर अधिकाऱ्याने मला अमानुष मारहाण करून माझा प्रचंड मानसिक छळ केला’ या वाक्यातून चौकशी करणाऱ्याला काहीच हाती लागत नाही. त्याऐवजी : ‘दि. १४ रोजी सायं. ५.१५ च्या सुमारास उपनिरीक्षक … यांनी मला ठाण्याच्या मागच्या खोलीत नेले व पट्ट्याने माझ्या डाव्या मांडीवर व पायाच्या तळव्यांवर मारले. त्या वेळी हवालदार … दाराशी उभे होते.’ इथे वेळ आहे, जागा आहे, साधन आहे, साक्षीदार आहे आणि केसपेपरशी ताडून पाहता येईल अशी जखम आहे. विशेषणे एकदम काढून टाका. नुसती घटना वाचूनच वाचणाऱ्याला राग यायला हवा.

जे तुम्हाला माहीत आहे आणि जे ऐकीव आहे, ते वेगळे ठेवा. ‘त्यांनी समोरच्याकडून ५० हजार घेतले’ असे पाहिले नसेल तर ‘घेतल्याचे मला अमुक यांनी सांगितले, त्यांचे प्रतिज्ञापत्र जोडले आहे’ असे लिहा. एक ऐकीव गोष्ट खरी म्हणून लिहिली आणि उलटतपासणीत ती कोसळली, की बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही संशय येतो. तुमची स्वतःची चूक असेल तीही लिहा. ठाण्यात आवाज चढवला असेल तर तसे सांगा. नाहीतर ते पोलिसांच्या उत्तरात पहिल्या परिच्छेदात येईल.

मग कोणत्या तरतुदींचे उल्लंघन झाले त्याची छोटी यादी. शेवटी मागणी. मागणीत ‘न्याय मिळावा’ असे मोघम नको. ‘चौकशी करून गुन्हा नोंदवण्याची व शिस्तभंगाच्या कारवाईची शिफारस करावी, ठाणे दैनंदिनी, सीसीटीव्ही चित्रण, कॉल तपशील आणि वैद्यकीय नोंदी मागवाव्यात’ असे सांगा. काय मागवायचे ते तुम्हीच नावानिशी सांगितले तर काम लवकर हलते.

एक परिच्छेद प्रामाणिकपणे भरायचा : याच विषयावर कोणत्या न्यायालयात, आयोगात किंवा कार्यालयात काय चालू आहे. लपवले आणि पोलिसांनी ते दाखवून दिले तर तक्रार तिथेच बसते.

तक्रारीतील मजकूर खरा असल्याचे प्रतिज्ञापत्र, कागदपत्रांची अनुक्रमणिका, प्रत्येक पानावर क्रमांक आणि सही. मूळ कागद कधीच देऊ नका. स्वसाक्षांकित प्रती द्या आणि मूळ सुनावणीला सोबत न्या. जेवढे पोलीस प्रतिवादी तेवढ्या जादा प्रती तयार ठेवा.

सुनावणी

तक्रार छाननीत टिकली की पोलिसांना नोटीस निघते. त्यांचे लेखी उत्तर येते आणि त्याची प्रत तुम्हाला मिळते. मिळाली नाही तर लेखी मागा. या उत्तराचे प्रत्युत्तर हा आपल्याकडे सर्वांत दुर्लक्षिलेला टप्पा आहे. लोक ‘सर्व खोटे आहे’ एवढे लिहून मोकळे होतात. उत्तर परिच्छेदवार वाचा आणि त्यांच्याच कागदांत विसंगती शोधा. चौकशी अधिकाऱ्याने जबाब घेतलेले सगळे साक्षीदार पोलीसच आहेत का? दोन जबाबांतली वाक्ये शब्दशः सारखी आहेत का? दोन शिपायांनी वेगवेगळ्या दिवशी दिलेले जबाब एकाच टंकलेखनाच्या चुकीसह सारखे असतील, तर ते दोघे बोललेले नाहीत, कोणीतरी उतरवून काढले आहेत.

तारखांना वकील असलाच पाहिजे असे नाही. उलटतपासणीची वेळ आली तर मात्र फौजदारी काम करणारा वकील सोबत असलेला बरा. परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. तारखेला गैरहजर राहू नका; आजारी असाल तर आधी ईमेलने कळवा. सलग गैरहजेरीवर तक्रार निकाली निघते आणि खऱ्या तक्रारींचा असा शेवट पाहणे फार वाईट असते.

अहवाल आल्यावर

प्राधिकरण आपला अहवाल राज्य शासनाकडे पाठवते. शासनाने तो स्वीकारला की शिस्तभंगाच्या कारवाईसाठी तो प्राथमिक चौकशी म्हणून धरला जातो. दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर एफआयआर नोंदवण्यासाठी तो ठाण्याकडे जातो. विभागीय कारवाईत सक्त ताकीद, वेतनवाढ रोखणे, पदावनती ते बडतर्फी अशा शिक्षा असतात. इथे एक कमकुवत दुवा आहे आणि तो माहीत असावा. सर्वोच्च न्यायालयाने प्राधिकरणाच्या शिफारशी बंधनकारक असाव्यात असे म्हटले होते. राज्याच्या कायद्याने मात्र अपवादात्मक परिस्थितीत कारणे नोंदवून अहवाल नाकारण्याची मुभा शासनाला ठेवली. आमच्या मते या मुभेने निकालातला दात काढून घेतला.

म्हणून अहवाल निघाला की काम संपले असे समजू नका. प्रत मिळवा आणि दोन महिन्यांनी गृह विभागाकडे माहिती अधिकारात विचारा : अहवाल केव्हा मिळाला, त्यावर कोणता निर्णय, निर्णयाची प्रत. नाकारला असेल तर नोंदवलेली कारणे मागा. कारणे नसतील किंवा पोकळ असतील, किंवा शासन नुसते बसून असेल, तर संविधानाच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते. त्या याचिकेत तुमचा सगळ्यात मोठा आधार तो अहवालच असतो.

इतर दारे, आणि कोणती एकत्र उघडू नयेत

लाच मागितली असेल आणि अजून दिली नसेल तर प्राधिकरणाच्या आधी लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला १०६४ वर कळवा. सापळा देण्याआधीच लागतो, दिल्यावर नाही. सक्तीने द्यावीच लागली तर सात दिवसांच्या आत तक्रार करा. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो, आणि त्यातून सुटण्याची वाट ही सात दिवसांचीच आहे.

एफआयआर नोंदवून घेणे हाच उद्देश असेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७५(३) खाली प्रतिज्ञापत्रासह दंडाधिकाऱ्याकडे अर्ज हा थेट मार्ग. प्राधिकरणाची चौकशी त्याची जागा घेत नाही. फिर्यादी अनुसूचित जाती-जमातीची असेल आणि पोलिसांनी कर्तव्यात कसूर केली असेल, तर अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम ४ चा उल्लेख तक्रारीत जरूर करा.

राज्य मानवी हक्क आयोग नुकसानभरपाईची शिफारस करू शकतो, म्हणून पैशाची मदत गरजेची असेल तिथे तो उपयुक्त. पण त्याला घटनेपासून एक वर्षाची मुदत आहे आणि दुसऱ्या आयोगापुढे प्रलंबित असलेला विषय तो घेत नाही. आयोग आणि प्राधिकरण दोन्हीकडे एकाच मजकुराची तक्रार टाकू नका. दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतात. अधिकाऱ्यावर कारवाई हवी असेल तर प्राधिकरण, भरपाई हवी असेल तर आयोग. काहीही निवडा, पण वर्ष उलटू देऊ नका.

कोठडीत मृत्यू झाला असेल तर न्यायदंडाधिकाऱ्याची चौकशी कायद्यानेच व्हायला हवी (नागरिक सुरक्षा संहिता, कलम १९६), आणि राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाला २४ तासांत कळवायचे असते. शवविच्छेदनाचे चित्रीकरण व्हावे म्हणून नातेवाइकांनी ते सुरू होण्यापूर्वीच लेखी मागणी द्यावी. अंत्यसंस्काराची घाई कोणी करत असेल तर आधी हे पत्र द्या.

गोव्यातही राज्य पातळीवरचे पोलीस तक्रार प्राधिकरण आहे. सिंधुदुर्गातल्या माणसाला पेडण्यात अडवून त्रास दिला असेल तर तक्रार तिथे करायची. घटना जिथली, प्राधिकरण तिथले.

दबाव आला तर

तक्रार दाखल झाल्याचे कळल्यावर पहिल्या महिन्यात निरोप येऊ लागतात. गावचा पुढारी, ओळखीचा हवालदार, कधी नात्यातला माणूस. ‘मिटवून टाका, तुमचाच माणूस आहे.’ पाठोपाठ कधी तुमच्यावर चॅप्टर केसची (शांतता राखण्याची हमी घेण्यासाठीच्या प्रतिबंधक कारवाईची) नोटीस येते, कधी समोरच्याकडून उलट तक्रार. प्रत्येक निरोपाची तारीख, वेळ, निरोप्याचे नाव आणि शब्द वहीत लिहा. दोन-तीन नोंदी झाल्या की त्या जोडून प्राधिकरणाला पूरक अर्ज द्या आणि प्रत अधीक्षकाला पाठवा. चॅप्टर केसच्या नोटिशीची तारीख आणि तुमच्या तक्रारीची आवक तारीख एकाखाली एक लिहिली, की संबंध वाचणाऱ्याला आपोआप दिसतो. नोटिशीला मात्र तारखेला हजर राहून उत्तर द्या, ती टाळू नका.

समझोत्याच्या कोऱ्या कागदावर, ‘माझी काही तक्रार नाही’ अशा जबाबावर किंवा न वाचलेल्या टंकलिखित पानावर सही करू नका. ठाण्यात बसवून सही घेतलीच, तर बाहेर आल्यावर त्याच दिवशी ईमेलने आणि दुसऱ्या दिवशी स्पीड पोस्टने प्राधिकरणाला कळवा : कोणत्या कागदावर, किती वाजता, कोणासमोर, कशाच्या धाकाने. दुसऱ्या दिवशी पाठवलेले पत्र त्या सहीची किंमत शून्य करू शकते, तीन महिन्यांनी पाठवलेल्या पत्रावर कोणी विश्वास ठेवत नाही.